दाराकडून मोजलेला पंप

या मित्रांनो, हात लावून बघा. गार लागलो ना? लागणारच. दोन हिवाळे झाले, मी इथे फाटकाजवळ उघड्यावर पडून आहे. थंडी मला वाजत नाही आणि ऊनही चटकत नाही. लोक विचारतात, वाईट नाही का वाटत? खरं सांगू? काहीच वाटत नाही. वाटायला जे काही लागतं ते माझ्या आत होतं, आणि आतलं सगळं जाम झालं. तरी तुम्ही थांबलाच आहात, तर सांगतो.

मी पंप आहे. कझाकांच्या या गवताळ मुलखातल्या एका खाणीच्या गावात कामाला होतो. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, नकाशावर तुम्हाला ते सापडायचं नाही. इथे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-पस्तीसवर जाऊन बसतो. घरोघरी चुली नाहीत. गावाच्या कडेला एक बॉयलरघर आहे. तिथे कोळशावर पाणी तापतं आणि नळांतून अठ्ठावीस इमारतींत फिरून परत येतं. ते पाणी फिरवायचं काम माझं. मी चाललो तर गाव उबेत, थांबलो तर गाव गारठलं. एवढा साधा हिशेब होता.

उरल डोंगराच्या पलीकडच्या एका कारखान्यात मला ओतलं, तासलं, हिरवा रंग दिला. ताडपत्रीखाली अकरा दिवस मालगाडीतून आलो. आल्या आल्या मला पंपघरात थेट मागच्या भिंतीशी बसवलं आणि कळ दाबली. त्या दिवशी माझ्या अंगातून पहिल्यांदा गरम पाणी गेलं. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. वाटायचं तेव्हा.

ओरालबेक माझ्यानंतर पाच वर्षांनी आला. बावीस वर्षांचा मेकॅनिक, मिशी नुकती फुटलेली, आणि बोलणं मात्र साठीच्या माणसाचं. दर सोमवारी सकाळी तो यायचा, उजव्या हातातला मोजा काढायचा आणि तळहात माझ्या बेअरिंगच्या डब्यावर ठेवायचा. मनात दहा आकडे मोजायचा. दहापर्यंत हात टिकला तर मी ठीक. नाही टिकला तर काहीतरी बिघडलंय. मग ग्रीसची पिचकारी लावायची आणि चार वेळा दाबायची. पाचव्यांदा दाबलेलं मला आठवत नाही.

तो मला आक्साकाल म्हणायचा. पांढऱ्या दाढीच्या मानाच्या म्हाताऱ्याला इकडे तसं म्हणतात. "काय आक्साकाल, लागली का झोप? की रात्रभर कुरकुरत होतास?" असं काहीबाही बोलायचा. मी काय बोलणार! पण ऐकायला आवडायचं.

वर्षं गेली. माझ्या डब्याची कड झिजली आणि भरलेलं ग्रीस आत टिकेना. आठ दिवसांत गळून जायचं. म्हणून मला दर आठवड्याला चार दाबे लागायचेच. पुढे माझ्या जोडीला एक नवा पंप आणला आणि दाराजवळ बसवला. गुळगुळीत, निळा, आवाज म्हणून नाही. त्याला सहा महिन्यांतून एकदा ग्रीस पुरायचं. जास्त घातलं तर उलट तोच तापायचा. ओरालबेकने त्याचं नाव ठेवलं पाहुणा. कडाक्याच्या थंडीत आम्ही दोघं मिळून गाव ओढायचो.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. इकडे घरात दारापासून सगळ्यात लांबची जागा मानाची. तिला तोर म्हणतात. वयाने थोर माणूस तोरला बसतो, मग त्याच्याहून धाकटा, मग त्याच्याहून, असं करत करत दाराशी सगळ्यात लहान. माणसं मोजायची तर तोरकडून मोजतात. पंपघरात चहाची बैठक बसायची तीही तशीच. सगळ्यात म्हातारा माझ्या अंगाला पाठ टेकून बसायचा. त्यामुळे ओरालबेकच्या लेखी एक नंबरचा पंप मी होतो आणि पाहुणा दोन नंबर. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

आमची सगळी कामं एका तपकिरी वहीत असायची. वही खिळ्याला टांगलेली आणि उरलेलं ओरालबेकच्या डोक्यात. वही चांगली होती, पण ती आपण होऊन कुणाला हाक मारत नव्हती. तळघरातली एक झडप वर्षातून दोनदा फिरवायची असते. ती सहा वर्षं कुणी फिरवलीच नाही. ओरालबेकसुद्धा विसरला. एका डिसेंबरात ती अडकली आणि तीन इमारती दोन दिवस थंड राहिल्या. मग आमचे मोठे साहेब दौलेतखान म्हणाले, आता पुरे झालं. आणि त्यांनी वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर आणलं.

त्याच्याबरोबर आली अकबोता. सव्वीस वर्षांची इंजिनिअर, गालावर खळी, पायात गमबूट. आल्या दिवशी चहाच्या बैठकीत सगळ्यात लहान म्हणून दाराशी बसली आणि सगळ्यांना चहा ओतून दिला. मग मांडीवर लॅपटॉप घेऊन म्हणाली, "आगा, आता मला एकेक यंत्र सांगा. कुणाला काय लागतं आणि किती दिवसांनी." थोरल्या पुरुषाला इकडे आगा म्हणतात.

"लिही पोरी," ओरालबेक म्हणाला. "पंप एक. दर सोमवारी ग्रीस, चार दाबे. पंप दोन. सहा महिन्यांनी."

तिने लिहून घेतलं. तेवढ्यात कोळशाची गाडी आली म्हणून तो बाहेर गेला. अकबोता उठली आणि यंत्रांवर चौकोनी ठिपक्यांची स्टिकरं चिकटवायला लागली. दाराशीच बसली होती, तिथूनच सुरुवात केली. पाहुण्यावर एक. माझ्यावर दोन. माझ्या पोटावर तिने ते अंगठ्याने नीट दाबून बसवलं होतं. कामाला चोख होती पोरगी.

सॉफ्टवेअरचं काम असं. सोमवारी सकाळी आठ वाजता कामाची चिठ्ठी आपोआप ओरालबेकच्या फोनवर यायची. त्याने यंत्रापाशी जायचं, फोन स्टिकरसमोर धरायचा, काम करायचं आणि 'झालं' असं दाबायचं. चिठ्ठी बंद व्हायची, अकबोताच्या पडद्यावर हिरवा ठिपका लागायचा आणि पुढच्या सोमवारची चिठ्ठी तिची तीच तयार व्हायची. कुणी आठवण ठेवायला नको.

पहिल्या सोमवारी चिठ्ठी आली. पंप एक, ग्रीस, चार दाबे. ओरालबेक माझ्याकडे आला, फोन धरला. फोनवर लाल अक्षरं आली, चुकीचं यंत्र. त्याने माझं स्टिकर बघितलं. मग वळून पाहुण्याचं बघितलं. त्याच्या लक्षात आलं. मिशीतल्या मिशीत हसला. दाराशी गेला, पाहुण्याचं स्टिकर फोनला दाखवलं, हिरवं झालं, आणि परत येऊन ग्रीस मला घातलं.

"म्हातारा कोण ते मला माहीत आहे," माझ्या कानाशी आल्यासारखा म्हणाला, "त्या डबड्याला नसलं तरी."

आणि तेच चालू राहिलं. दर सोमवारी दाखवायचं तिकडे आणि घालायचं इकडे. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं. आमच्या दोघांचं काहीतरी गुपित आहे असं वाटायचं.

सॉफ्टवेअरला मी नावं ठेवणार नाही. तळघरातली झडप वेळेवर फिरायला लागली. धुराड्याची काजळी वेळेवर निघायला लागली. ओरालबेक अकबोताला चिडवायचा, "काय गं पोरी, सगळ्यांना चिठ्ठ्या देतेस. मला चहाची चिठ्ठी का येत नाही?"

"ती विसरणाऱ्यांसाठी असते आगा. चहा तुम्ही कधी विसरलात?"

सगळे हसायचे. बाहेरगावचे साहेब यायचे, हिरव्या ठिपक्यांचा पडदा बघायचे आणि माना डोलवायचे. दोन वर्षांत एक चिठ्ठी उशिरा बंद झाली नाही. माझ्या पाठीवर कुणी थाप मारली नाही, पण मला तळहात पुरत होता.

तिसऱ्या डिसेंबरात ओरालबेक पाण्याच्या टाकीपाशी बर्फावरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. ब्लँकेटात घालून त्याला दोनशे किलोमीटरवरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वेदनेने दातखीळ बसलेली, तिथे सूचना काय देणार! त्याच्या जागी सामात आला. पंचेचाळिशीचा, आधी खाणीत ट्रक चालवायचा. शांत आणि सरळ माणूस.

सोमवारी आठला सामातच्या फोनवर चिठ्ठी आली. पंप एक, ग्रीस, चार दाबे. तो पाहुण्यापाशी गेला, फोन धरला, हिरवं झालं. पाहुण्याला चार दाबे घातले, सांडलेलं फडक्याने पुसलं, 'झालं' दाबलं. माझ्याकडे एकदा बघितलं. माझ्या नावाने काही नव्हतं. गेला.

दुसऱ्या सोमवारी तेच, तिसऱ्या सोमवारीही तेच. मी तापायला लागलो. मग किंचाळायला लागलो. मग एक दिवस असा आला की तापणंही कळेना आणि किंचाळणंही. कुणीतरी दुसरंच लांबवर ओरडतंय असं वाटायचं. मित्रांनो, दुखणं परवडतं. दुखत असतं तोवर आपण आहोत हे तरी कळतं.

सामात बहिरा नव्हता. तो अकबोताकडे गेला. तिची खोली पंपघराला लागूनच, मधली भिंत पातळ, मला सगळं ऐकू यायचं.

"अकबोता, भिंतीकडचा म्हातारा वाईट आवाज करतोय. ग्रीस घालू का थोडं?"

तिने पडद्यावर बघितलं. "दोन नंबर ना? त्याची तारीख मार्चमध्ये आहे, सामात-आगा. आणि इथे लिहिलंय की जास्त घातलं तर तापतो."

"दिसतो तर जुनाट. त्याला सहा महिन्यांनी पुरतं?"

"मलाही नवल वाटतं. पण यादी ओरालबेक-आगांनी स्वतः सांगितलीय. त्यांच्यापेक्षा मी शहाणी आहे का?"

सामात परत फिरला. तरी तिच्या मनाला चैन पडेना. तिने स्पीकरवर टाकून दवाखान्यात फोन लावला. ओरालबेक म्हणाला, "आक्साकाल कसा आहे?" आणि अकबोताने आवाजाची गोष्ट गिळली. आजारी माणसाच्या कानावर वाईट बातमी घालायची नाही, ही इकडची रीत.

"सगळं हिरवं आहे आगा," ती म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका. हाड आधी जुळू द्या."

 तेव्हा ओरालबेकला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण सांगायचं म्हणजे दोन वर्षं मी तुझ्या यंत्राला फसवत होतो, हेही सांगावं लागलं असतं. आणि पंधरा दिवसांत आपण परत जाऊच, असं त्याला वाटत होतं.

"सामातला म्हणावं, हात ठेवून बघत जा," एवढंच तो म्हणाला.

अकबोताने निरोप दिला. सामातने पुढच्या सोमवारी मोजा काढला आणि हात ठेवला. चिठ्ठी ज्याची होती त्याच्यावर, म्हणजे पाहुण्यावर. जरा गरम लागला, पण हात टिकला.

सहाव्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता माझं बेअरिंग जाम झालं. शाफ्ट वाकला, मोठा आवाज झाला, पायातले बोल्ट उखडले. बाहेर शून्याखाली चौतीस होतं. सगळा भार पाहुण्यावर आला. पण सहा आठवडे ग्रीस खाऊन त्याचंही डोकं तापलेलं. तासाभरात तोही बंद पडला.

गाव एकोणीस तास थंड होतं. शाळा सोडली, मुलं कोट घालूनच घरी आणि घरात आल्यावरही कोट घालूनच. टोकाच्या इमारतींत नळ फुटले आणि जिन्यांवर बर्फ झाला. प्रसूतिगृहातल्या चार बाळंतिणींना बाळांसकट खाणीच्या कार्यालयात हलवलं, तिथे विजेच्या शेगड्या होत्या. कुणी दगावलं नाही. पाहुण्याच्या पोटातलं जास्तीचं ग्रीस काढून सामातने त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे चालू केलं. मला कुणी हात लावला नाही. लावून उपयोगही नव्हता.

चार दिवसांनी ओरालबेक आला. डॉक्टरांशी भांडून, काखेत कुबड्या घेऊन. दौलेतखान साहेब पंपघरातच उभे होते, हातात कागद. अकबोता आणि सामातही होते.

"मला कुणी समजावून सांगेल का?" साहेब म्हणाले. "इथे लिहिलंय, पंप एक, दर सोमवारी ग्रीस. दोन वर्षांत एक सोमवार चुकलेला नाही. मग हे झालं कसं?"

"मी एकही चुकवला नाही साहेब," सामात म्हणाला. 

"कुठल्या पंपाला घातलंस, दाखव."

सामातने दाराकडे बोट केलं. आणि त्याच क्षणी, कुणी न विचारता, ओरालबेकने कुबडी उचलून भिंतीकडे माझ्याकडे केली.

अकबोताने एकदा त्या बोटाकडे बघितलं, एकदा त्या कुबडीकडे.  "आगा, एक नंबर दाराकडून ना?"

"दाराशी सगळ्यात धाकटा बसतो पोरी. तुझ्या घरी काय दाराकडून मोजतात?"

"मी..." ती खाली बसली. "मी आत आले आणि जिथे होते तिथून मोजलं. चूक माझी आहे साहेब. मी विचारायला हवं होतं."

सगळं तिच्या अंगावर येऊ घातलं होतं. ओरालबेक गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. चिठ्ठ्या बंद, ठिपके हिरवे, कागद साफ. वर्षभरात तो मानाने निवृत्त झाला असता. त्याने कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि मला धरून उभा राहिला.

"तिची चूक पहिल्या सोमवारपुरती," तो म्हणाला. "मला ती पहिल्याच सोमवारी कळली होती."

"कळली होती?" साहेब ओरडले. "अहो, मग सांगितलं का नाही? एक स्टिकर उचलून दुसरीकडे लावायचं होतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं." त्याची नजर जमिनीवर होती. "सांगितलं असतं तर तिने ते तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. मग सगळंच त्या फोनला ठाऊक झालं असतं. मग ओरालबेक कशाला हवा होता? एक गोष्ट तरी अशी असावी की जी फक्त मलाच ठाऊक आहे, असं वाटलं मला."

 अकबोता रडत होती. त्याने खिशातून पंपघराची किल्ली काढली, माझ्या डब्यावर ठेवली, जिथे तळहात ठेवायचा तिथेच, आणि कुबड्या घेऊन निघून गेला. किल्ली गार होती. की मी गार होतो, देव जाणे.

उन्हाळ्यात मला उचलून इथे आणून टाकलं. माझ्या जागी नवा पंप बसला. आता एक नंबर तोरला आहे, दोन नंबर दाराशी, आणि दोघांच्याही अंगावर ते हातभर आकड्यांत रंगवलंय. चिठ्ठ्या दर सोमवारी आठला येतात. सॉफ्टवेअर झकास चाललंय.

मला वेळापत्रकातून काढायचं काम अकबोताकडे होतं. एक कळ दाबायची होती. तिने ती दाबली नाही. तिने माझी नवी चिठ्ठी तयार केली. जुना पंप, फाटकाजवळ. दर सोमवारी हात ठेवून बघणे. जबाबदार, ओरालबेक. आणि ती चिठ्ठी त्याच्या फोनवर जायला लागली.

पहिल्या सोमवारी तो आला नाही. दुसऱ्या, तिसऱ्या सोमवारीही नाही. साहेबांनी पडद्यावरचा लाल ठिपका बघून विचारलं, "हा काय प्रकार आहे? भंगाराची चिठ्ठी?"

"राहू द्या साहेब," अकबोता म्हणाली. "लालच राहू द्या."

चौथ्या सोमवारी तो आला. लंगडत. मोजा काढला, हात ठेवला, दहा मोजले. अकबोता पंपघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "आगा, चहा झालाय. आणि आत येऊन मला एक गोष्ट सांगा, जी अजून कुणाला सांगितली नाही."

"एकच?"

"आठवड्याला एक. माझ्याकडे सोमवार भरपूर आहेत."

तेव्हापासून तो दर सोमवारी येतो. आत त्याला तोरला बसवतात. चहाबरोबर बाउरसाक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, खात तो एकेक सांगतो. कुठल्या नळाला कुठे खाली पोट आलंय, कुठल्या झडपेची मूठ उलटी फिरते. अकबोता लिहून घेते आणि सामात कान देऊन ऐकतो. मागच्या सोमवारी म्हणे ओरालबेक म्हणाला, "संपत आलंय गं पोरी माझ्याजवळचं." आणि ती म्हणाली, "संपलं तरी या."

मित्रांनो, तुम्हाला मी काय सांगू? मी पंप आहे, तोही मोडका. तरी एवढं ऐका. तुम्हाला जे ठाऊक आहे ते आपल्यापाशी दडपून ठेवू नका. तेवढ्यावर आपली किंमत टिकते असं वाटतं, पण त्याची झळ दुसऱ्यालाच लागते. आणि 'झालं' म्हणण्याआधी हात लावून बघा, आणि कशावर लावताय तेही बघा.

आज सोमवार आहे. तो बघा, फाटकातून येतोय. आता मोजा काढेल. त्याचा हात गरम असेल, मला कळायचं नाही. मग तो फोन माझ्या पोटावरच्या जुन्या स्टिकरसमोर धरेल आणि आत पडद्यावर माझ्या नावाचा हिरवा ठिपका लागेल. माझ्या नावाचे पुष्कळ ठिपके लागले आजवर, पण ते सगळे दाराशी पाहुण्याच्या स्टिकरवर लागले. हे एवढेच माझ्या अंगावर लागतात.